मनगटावरचा हिरवा दिवा

हा अंक हातातून खाली ठेवा बरं जरा. म्हणजे मांडीवर ठेवा, पुढचं वाचायचं आहेच! आता डावा हात उताणा करा. अंगठ्याच्या रेषेत, मनगटाच्या किंचित वर, उजव्या हाताची दोन बोटं अलगद टेकवा. तर्जनी आणि मधलं बोट. अंगठा वापरू नका हं, त्याच्यातही नाडी उडत असते आणि ती मोजताना मधे लुडबुडते. सापडली? टुक्... टुक्... टुक्. घड्याळात बघून तीस सेकंद मोजा आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करा.

शांत बसून वाचत असाल, तर तुमचा आकडा बहुधा ७० ते १०० च्या मधे कुठंतरी येईल. आईबाबांचा मोजाल तर ६० ते १०० च्या मधे. रोज लांब पळायचा सराव असलेल्या खेळाडूंचा आकडा पन्नासच्याही खाली गेलेला असतो. घाबरू नका, ते आजारी नसतात. त्यांचं हृदय इतकं दणकट झालेलं असतं, की एका ठोक्यात ते जास्त रक्त ढकलतं. मग कमी ठोक्यांत काम भागतं. आता उठा, जागच्या जागी पन्नास उड्या मारा आणि पुन्हा मोजा. काय, धावला ना आकडा?

तुम्ही आत्ता दोन बोटांनी जे काम केलंत, तेच करणारी घड्याळं हल्ली पुष्कळ मनगटांवर दिसतात. कुणाच्या मामानं पुण्याहून आणलेलं असतं, कुणाच्या ताईनं पहिल्या पगारातून घेतलेलं असतं. ते घड्याळ वेळ तर सांगतंच. शिवाय ठोके किती, पावलं किती, झोप किती, हेही सांगतं. मनगटावरून काढून उलटं केलं, की पोटाशी एक हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. 'बाई, ह्याला आतलं कळतं कसं हो?' असा प्रश्न वर्गात आला, की माझा गणिताचा तास गेलाच म्हणून समजा! तेव्हा आज तेच बघू या. घड्याळ काय सांगतं, कसं सांगतं आणि कुठं सपशेल थाप मारतं.

घड्याळाआधीची गोष्ट

नाडी बघायची विद्या फार जुनी. आपल्या शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल ओळखायला प्राण्यांच्या चालीच्या उपमा दिल्या आहेत. कधी ती सापासारखी वळवळते, कधी बेडकासारखी उडी घेते, तर कधी हंसासारखी डुलत जाते. वैद्य बोटं ठेवून ही चाल ओळखत. पण मिनिटाला किती ठोके, हे मोजणार कशानं? सेकंद दाखवणारं घड्याळच नव्हतं.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सान्तोरिओ नावाच्या डॉक्टरांनी यावर एक नामी युक्ती काढली. त्यांनी लंबक घेतला. दोरा लांब केला की लंबक सावकाश झुलतो, आखूड केला की भरभर. रोग्याच्या नाडीशी ताल जुळेपर्यंत दोरा लांबआखूड करायचा आणि मग दोऱ्याची लांबी लिहून ठेवायची! उद्या तोच रोगी आला आणि दोरा आखूड करावा लागला, तर समजायचं, नाडी वाढली. तुम्हीही दोऱ्याला खोडरबर बांधून हा प्रयोग करू शकता.

पुढं १७०७ साली इंग्लंडमधल्या जॉन फ्लॉयर या डॉक्टरांनी नाडी मोजण्यावर पुस्तक लिहिलं. बरोबर एक मिनिट चालणारं एक घड्याळच त्यांनी त्यासाठी खास करवून घेतलं होतं. म्हणजे बघा, घड्याळ आणि नाडी यांची सोयरीक तीनशे वर्षांची आहे.

पण नाडी बोटांनी मोजायची, तर माणसाला एका जागी बसवावं लागतं. माणूस चालताना, काम करताना, झोपताना हृदय कसं वागतं? हे अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टर यांना हवं होतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एक यंत्र तयार केलं, आणि ते पाठीवर घेतलं. वजन किती असेल? सुमारे ३८ किलो! तुमच्यातल्या कित्येकांच्या वजनापेक्षा जास्त. हृदयाची वीजलहर टिपायला पाठीवर आख्खा संसार! पुढं ते यंत्र लहान लहान होत गेलं. आजही डॉक्टर कुणाकुणाला चोवीस तास 'होल्टर' लावायला सांगतात. ते खिशात मावतं. नाव मात्र त्या पाठीवरच्या बोजेवाल्याचंच राहिलं.

मनगटावर आकडा दिसायला लागला तो फिनलंडमध्ये. तिथं बर्फावरून स्की लावून घसरत जाणं म्हणजे आपल्याकडच्या कबड्डीइतकं घरचं. खेळाडू घसरत असताना त्याचे ठोके मोजायचे कसे, ही तिथल्या प्रशिक्षकांची अडचण. सेप्पो सायनायाकांगास या प्राध्यापकांनी १९७७ साली 'पोलर' ही कंपनी काढली आणि १९८२ साली त्यांचं बिनतारी यंत्र बाजारात आलं. छातीला पट्टा, मनगटाला घड्याळ. पट्ट्यानं ठोका टिपायचा आणि घड्याळाला कळवायचा. आजही खरे धावपटू छातीच्या पट्ट्यावरच जास्त भरवसा ठेवतात. का, ते आता कळेल.

उजेड रक्त कसं बघतो?

रात्री खोलीतला दिवा घालवा. मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर क्षणभर बोट ठेवा. बोट कसं दिसतं? लालबुंद! टॉर्चचा उजेड तर पांढरा होता. पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात, हे तुम्ही विज्ञानात शिकलाच आहात. मग बाकीचे रंग गेले कुठं? ते बोटात गडप झाले. रक्त हिरवा उजेड पटकन गिळतं आणि लाल उजेडाला बराचसा वाट देतं.

आता घड्याळाची युक्ती ओळखा पाहू. ते हिरवाच दिवा का लावतं? हृदयाचा ठोका पडला, की मनगटातल्या बारीक नळ्यांत रक्ताची लाट येते. रक्त जास्त, म्हणजे हिरवा उजेड जास्त गिळला जातो आणि परत येणारा उजेड किंचित कमी होतो. लाट ओसरली, की परत येणारा उजेड वाढतो. दिव्याशेजारी एक चिमुकला 'डोळा' बसवलेला असतो. परत येणारा उजेड तो सारखा मोजत राहतो. कमी-जास्त, कमी-जास्त... एका मिनिटात किती वेळा कमी झाला ते मोजलं, की झाले ठोके! म्हणजे घड्याळ तुमचं हृदय बघतच नाही. ते कातडीखालच्या लाटा मोजतं. किनाऱ्यावर बसून लाटा मोजाव्यात तशा.

आणि म्हणूनच ते चुकतंही. पट्टा सैल असला, की बाहेरचा उजेड आत शिरतो. थंडीत मनगट गारठलं, की कातडीखालचं रक्त कमी होतं आणि लाट क्षीण होते. हात जोरात हलत असला, तर हाताचा हिसका कुठला आणि ठोका कुठला, याचा घोळ होतो. आजीच्या हातावर ठसठशीत गोंदण असेल, तर शाईच उजेड अडवते. छातीचा पट्टा उजेडावर चालत नाही, तो हृदयातली वीज टिपतो. म्हणून त्याला हे अडथळे नाहीत. काही महागड्या मनगटी घड्याळांतही २०१८ पासून वीजलहर टिपायची सोय आली आहे. त्यासाठी दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाला टेकवून तीस सेकंद गप्प बसावं लागतं.

याच उजेडाचा एक भाऊबंद तुम्ही नक्की पाहिला असेल. आठवतं, करोनाच्या साथीत बोटाला लावायचा चिमटा? ऑक्सिमीटर! १५ सप्टेंबर २०२० पासून महाराष्ट्रात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम झाली. तेव्हा आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप मोजत आणि हा चिमटा लावून बघत. तुमच्यातले काही तेव्हा अगदी लहान असतील, घरच्यांना विचारा. आकडा ९५ च्या वर असला, की घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकत. ही कल्पना जपानचे ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. प्राणवायू भरलेलं रक्त आणि प्राणवायू संपलेलं रक्त लाल उजेड आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड वेगवेगळ्या प्रमाणात गिळतात. दोन्ही उजेड बोटातून आरपार सोडायचे आणि हिशेब मांडायचा. ज्यांच्या कल्पनेनं इतके जीव वाचवले, ते आओयागी त्याच साथीच्या वर्षी, एप्रिल २०२० मध्ये वारले.

पण ऐका, त्याच वर्षी अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एक गोष्ट उघड केली. रक्तातला प्राणवायू खरोखर घटलेला असूनही चिमटा 'सगळं ठीक' म्हणतो, असं गोऱ्या रोग्यांच्या मानानं काळ्या रोग्यांत जवळजवळ तिप्पट वेळा घडत होतं. कारण कातडीचा सावळा रंगही थोडा उजेड गिळतो आणि यंत्राचा हिशेब बसवताना त्याकडे पुरेसं लक्षच दिलं गेलं नव्हतं. यंत्र कुणाच्या हातावर तपासलं, हा प्रश्न आपण सावळ्या माणसांनी विचारायलाच हवा, नाही का?

दहा हजारांचं गौडबंगाल

या घड्याळांचा लाडका आकडा म्हणजे १०,०००. रोज दहा हजार पावलं! पुरी झाली, की घड्याळ थरथरतं, पडद्यावर फटाके उडतात. हा आकडा कुठून आला? तुम्हाला वाटेल, मोठमोठ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं अभ्यास करून काढला असेल. छे! तो आला एका जाहिरातीतून.

१९६४ साली टोकिओला ऑलिंपिक झालं. जपानभर व्यायामाचं वारं शिरलं. दुसऱ्याच वर्षी, १९६५ मध्ये, 'यामासा' या कंपनीनं कमरेला अडकवायचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं. नाव ठेवलं 'मान्पो-केई'. मान् म्हणजे दहा हजार, पो म्हणजे पाऊल आणि केई म्हणजे मोजणारं. नाव झोकात होतं, तोंडात बसणारं होतं, आकडा गोल होता. झालं, साऱ्या जगानं तो उचलला!

मग खरा अभ्यास? तो २०१९ साली अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क बायकांवर झाला. त्यांचं सरासरी वय ७२. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं आयुष्य चांगलंच सुरक्षित दिसलं. पावलं वाढत गेली तसा फायदाही वाढला. पण साधारण ७,५०० पुढं तो थांबला. तेव्हा तुमच्या आजीनं दहा हजार होत नाहीत म्हणून वाईट वाटून घेतलं, तर तिला हे जरूर वाचून दाखवा.

तुमचं काय? जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी पावलांचा आकडा सांगतच नाही. ती म्हणते, दिवसाला सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल करा. लंगडी, खोखो, सायकल, विहिरीत पोहणं, काहीही. आता सांगा, विहिरीत पोहताना पावलं कोण मोजणार?

कळशी आणि घड्याळ

पावलं मोजणारा भाग मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. एस.टी.नं अचानक ब्रेक मारला, की तुम्ही पुढं फेकले जाता. बरोबर? घड्याळाच्या पोटात सिलिकॉनची एक चिप असते. तिच्यात केसाहूनही बारीक दातांचा कंगवा टांगलेला असतो. हात हलला, की कंगव्याचे दात एस.टी.तल्या प्रवाशांसारखे इकडेतिकडे होतात आणि त्यावरून विजेच्या मापात फरक पडतो. वर-खाली, मागं-पुढं आणि उजवी-डावीकडं, तिन्ही दिशांचे झोके त्यातून कळतात. मोटारीला धडक बसली की हवेची पिशवी उघडते ना, तिलाही असलीच चिप हुकूम सोडते. काही घड्याळांत हवेचा दाब मोजायचीही सोय असते. घाट चढताना आपल्या कानात दडे बसतात, तो हाच दाब. त्यावरून घड्याळ किती मजले चढलात ते सांगतं. आणि ते लबाड नाही, बरं का. पावलं न टाकता नुसता दाब बदलला, तर चांगलं घड्याळ मजले धरत नाही. रायगडाला रोपवेनं जाऊन पायऱ्यांचं श्रेय मागता येणार नाही!

पण मनगटाच्या झोक्यावरून पाऊल ओळखायचं, यातच फसगत आहे. आमच्या शाळेत एका गुरुजींकडे असं घड्याळ आहे. ते उसनं घेऊन आम्ही मैदानावर तपासलं. हात हलवत मोजून २०० पावलं चाललं, की घड्याळ दोन-चार इकडेतिकडे, पण जवळपास बरोबर. मग एका मुलीनं भरलेली कळशी कमरेवर घेतली. घड्याळाचा हात कळशीभोवती घट्ट. तीच २०० पावलं ती चालली. घड्याळात निम्मीसुद्धा उमटली नाहीत! डोक्यावर हंडा आणि वर हात धरला, तरी तीच तऱ्हा. याउलट एक मुलगा बाकावर बसून ताल धरून हात हलवत राहिला, तर बसल्या जागी पावलं वाढत गेली.

मुलं हसून हसून बेजार. त्या मुलीनं मात्र फळ्याजवळ येऊन हळूच विचारलं, 'बाई, मग आमच्या आईची पावलं यात येणारच नाहीत?' सकाळी दोन खेपा पाण्याच्या, मग डोक्यावर भारा, संध्याकाळी पुन्हा पाणी. जी बाई दिवसभर चालते, तिचाच आकडा सगळ्यांत लहान. मी तिला म्हटलं, घड्याळ मनगटावरून काढून पायात बांधायला हवं. आम्ही ते मोज्यात घालून बघितलं. आकडा पुष्कळ सुधारला. तिला फार बरं वाटलं. मलाही!

म्हणून वर्गात पावलांची शर्यत लावावी का, असं कुणी विचारलं, तर मी नाही म्हणेन. ज्याच्याकडे घड्याळ नाही त्याचं काय, हा प्रश्न आहेच. पण दुसरंही आहे. इंग्लंडमध्ये तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना आठ आठवडे अशी पावलं मोजणारी पट्टी देऊन बघितली. २०१७ साली त्याचा निकाल छापून आला. आधी मौज वाटली, पण थोड्याच दिवसांत ओझं वाटायला लागलं. आवडीनं हलण्याची इच्छा वाढण्याऐवजी घटली. मोठ्यांचंही फार वेगळं नाही. अमेरिकेत ४७१ तरुण माणसांनी दोन वर्षं वजन उतरवायचा प्रयत्न केला. आहार आणि व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच होता. अर्ध्यांना शिवाय यंत्र दिलं. २०१६ मध्ये निकाल लागला. यंत्रवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं आणि बिनयंत्रवाल्यांचं ५.९ किलो! यंत्र बांधलं म्हणजे व्यायाम झाला, असं मनाला वाटतं की काय कोण जाणे.

आणखी एक आकडा मला मुळीच आवडत नाही. 'आज इतके उष्मांक जाळले' हा. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ साली सात घड्याळं तपासली. ठोके मोजण्यात सातपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत. शाबास! पण उष्मांकांत? त्यातल्या त्यात चांगल्याची चूक सरासरी २७ टक्के, आणि सगळ्यांत वाईटाची ९३ टक्के. म्हणजे हा जवळजवळ अंदाजपंचे खेळ. आणि त्यावर बघून कुणी पोरगी म्हणते, आज कमी जळले, भाकरी नको! तुमची हाडं वाढताहेत. भूक लागली की जेवायचं. तिथं घड्याळाला विचारायचं नाही.

झोपेचंही तसंच. कधी झोपलात आणि कधी उठलात, एवढं घड्याळ बरं सांगतं. गाढ झोप किती न् हलकी किती, हे मात्र अंदाजानंच. काही मोठी माणसं तर घड्याळाचा झोपेचा आकडा वाईट आला, या काळजीनंच रात्रभर जागी राहायला लागली. डॉक्टरांना २०१७ साली या तक्रारीसाठी वेगळं नाव काढावं लागलं! तुम्ही बारा वर्षांपर्यंतचे असाल तर ९ ते १२ तास, पुढचे असाल तर ८ ते १० तास झोपा, म्हणजे झालं.

आकडे जातात कुठं?

घड्याळातले आकडे मोबाइलमध्ये जातात आणि तिथून कंपनीकडे. 'स्ट्रावा' नावाचं एक ॲप आहे. पळणारे आणि सायकल चालवणारे आपला रस्ता त्यात नोंदवतात. २०१७ च्या नोव्हेंबरात त्यांनी जगभरच्या पळण्याचा एक सुंदर नकाशा काढला. जिथं माणसं पळतात, तिथं रेषा उजळलेली. शहरं झगमगत होती, वाळवंट काळंभोर. पण त्या काळ्याभोर वाळवंटात मधेच एखादी लखलखीत चौकट कशी? जानेवारी २०१८ मध्ये नेथन रुझर या ऑस्ट्रेलियातल्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हे ध्यानात आलं. ते लष्करी तळ होते! तिथले सैनिक रोज सकाळी तळाभोवती पळत होते, मनगटावर घड्याळ बांधून. कुणी फितूर झालं नाही, कुणी कागद चोरला नाही. व्यायामानंच गुपित फोडलं.

सैनिकांचं असं, तर आपला शाळेत यायचा-जायचा रस्ता, वेळ, घर हे कुणाला का कळावं? लहान मुलांसाठी म्हणून विकलेल्या काही घड्याळांतून दूर बसून कानोसाही घेता येत होता. असल्या चोरून ऐकणाऱ्या घड्याळांवर जर्मनीनं २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी घातली. घड्याळ घरात आलं, की आधी मोठ्यांना सोबत घेऊन त्यातली जागा सांगण्याची सोय बंद आहे का, नाव-फोटो सगळ्यांना दिसतो का, ते बघा. घड्याळात कुठली बटणं दडलेली असतात, ते तुम्हालाच जास्त ठाऊक असतं, तेव्हा यात तुम्हीच पुढाकार घ्या.

दंडावरची पांढरी चकती

एवढ्या खोड्या काढल्यावर तुम्हाला वाटेल, बाईंना हे काही पसंतच नाही. तसं नाही. एका कामात हे अंगावरचं यंत्र निव्वळ हौस नसून जिवाचा आधार आहे.

काही मुलांना लहानपणीच मधुमेह होतो. त्याला डॉक्टर पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. गोड जास्त खाल्लं म्हणून तो होतो, असं गावात बोलतात, ते साफ खोटं. शरीरात इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात, त्यात मुलाचा काही दोष नसतो. शंभर वर्षांपूर्वी अशी मुलं वाचत नसत. १९२१ साली कॅनडात इन्शुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा टोचलं, ते लेनर्ड थॉम्सन या चौदा वर्षांच्या मुलाला. तुमच्याच वयाचा!

पण इन्शुलिन घेणं म्हणजे दोरीवरची कसरत. कमी पडलं तर साखर चढते, जास्त झालं तर उतरते. फार उतरली, की घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं, माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून दिवसातून कितीतरी वेळा बोटाला सुई टोचून रक्त तपासायचं. रात्री झोपेत साखर उतरली तर? आईवडील गजर लावून उठतात.

आता दंडावर चिकटवायची एक चकती मिळते, रुपयाच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी. तिच्यातून अगदी बारीक तंतू कातडीखाली जातो आणि पेशींच्या मधल्या पाण्यातली साखर दर काही मिनिटांनी मोजतो. रक्तातल्या साखरेपेक्षा हा आकडा थोडा मागून येतो, पाच-दहा मिनिटांनी म्हणा. पण साखर चढते आहे की उतरते आहे, हे बाणानं दिसतं. साखर ७० च्या खाली गेली, की मोबाइल ओरडतो.

अमेरिकेत जॉन कॉस्टिक नावाच्या एका संगणक जाणणाऱ्या बाबांच्या चार वर्षांच्या मुलाला हा मधुमेह झाला. मुलगा शाळेत, बाबा कामावर, आणि यंत्राचा आकडा मुलाजवळच्या डबीत! २०१३ साली त्या बाबांनी खटपट करून तो आकडा इंटरनेटवरून स्वतःच्या फोनवर आणला. मग दुसरे आईबाप येऊन मिळाले, त्यांनी ती युक्ती सगळ्यांना फुकट वाटून टाकली. पुढं कंपन्यांनीही तशी सोय दिली.

आपल्याकडेही ही चकती मिळते, पण ती साधारण दोनच आठवडे चालते आणि किंमत हजारांत आहे. त्यामुळे बहुतेक मुलांना अजून सुईच. आणि बाजारात 'सुई नको, चकती नको, नुसत्या घड्याळानं साखर मोजा' अशी स्वस्त घड्याळंही विकायला आहेत. त्यांच्यापासून चार हात लांब. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं, की असं काम करणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. ज्यानं तसल्या आकड्यावर विसंबून इन्शुलिन घेतलं, त्याच्या जिवावर बेतेल.

तुमच्या वर्गात कुणाच्या दंडावर पांढरी चकती दिसली, तर ती ओढू नका, खेळताना तिथं धक्का देऊ नका. 'हे काय?' म्हणून विचारायला हरकत नाही. पुष्कळदा ती मुलं आनंदानं सांगतात. आणि तासाला त्याचं यंत्र वाजलं, तो घामाघूम दिसला, तर लगेच बाईंना किंवा गुरुजींना हाक मारा. त्याला एकट्याला पाणी प्यायला पाठवू नका. त्या वेळी त्याला साखर लागते, दोन-तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात घालून, आणि ती लगेच. त्यासाठी मधल्या सुट्टीची घंटा व्हायची वाट बघायची नाही.